पाच ओळींचा कागद

सकाळी ६:४०

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार क्लिपबोर्ड. बारा बॉलपेनं, त्यातली तीन कुठल्याशा औषध कंपनीची, फुकटात आलेली. रबरबँड. पावसासाठी प्लास्टिकचे पारदर्शक खिसे. आणि कोऱ्या छापील कागदांचा दोन बोटं जाडीचा गठ्ठा.

तो एकेक पेन जुन्या वर्तमानपत्रावर गिरवून बघतो. एक उमटत नाही. ते बाजूला. "माणूस थांबला आणि पेन चाललं नाही, तर दुसरं काढेपर्यंत तो पुढच्या दुकानात असतो," तो म्हणतो.

आज शनिवार, ११ जून २०१६. गाव विंटरथुर, स्वित्झर्लंडमधलं, झुरिकच्या शेजारचं. हा माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. पस्तिशीचा असेल. आठवड्यातले चार दिवस कचेऱ्यांमधून नेटवर्कच्या तारा ओढतो. इथे त्याला 'ऐंशी टक्के नोकरी' म्हणतात. पगारही ऐंशी टक्केच. उरलेला वेळ पायरेट पार्टीचा. पक्ष २००९ साली निघाला. २०१०च्या मार्चमध्ये याच विंटरथुरच्या नगरसभेत त्यांचा देशातला पहिला माणूस निवडून आला, मार्क व्हेकर्लिन. देशाच्या संसदेत मात्र एकही जागा नाही. नाव सांगितलं की लोक हसतात, आणि हसता हसता थांबतात. त्याला तेवढं पुरतं.

मी आज नुसती बरोबर. फार तर छत्री धरीन.

सकाळी ७:१५

कागद मी पहिल्यांदाच नीट वाचते. याला इथे 'बोगन' म्हणतात. वर कायद्याचं नाव आणि संसदेनं तो मंजूर केल्याची तारीख, १८ मार्च २०१६. टपाल आणि दूरसंचार यांवरच्या पाळतीचा सुधारित कायदा. जर्मन नाव एका दमात म्हणता येत नाही, म्हणून सगळे आद्याक्षरं जोडून 'ब्यूप्फ' म्हणतात. खाली बारीक अक्षरात ताकीद. सहीसाठी लाच देणं-घेणं गुन्हा, खोटी सही गुन्हा. त्याखाली पाच ओळी. आडनाव, नाव, जन्मतारीख, पत्ता, सही.

या देशात संसदेनं कायदा केला म्हणजे संपलं नाही. शंभर दिवसांत मतदारांच्या ५०,००० सह्या आणल्या, तर तो कायदा सगळ्या देशापुढे मताला टाकावा लागतो. मतदार सुमारे ५३ लाख. शंभरावा दिवस ७ जुलै. आजपासून सव्वीस दिवस.

पण खरे सव्वीस नाहीत. प्रत्येक सही त्या माणसाच्या गावच्या कचेरीत जाते. तिथला कारकून मतदारयादीशी ताडून शिक्का मारतो. कागद परत येतो. हे सगळंही शंभर दिवसांच्या आतच.

"रस्त्यावरचे म्हणशील तर दहा-बारा दिवस उरले," तो म्हणतो. थर्मासमध्ये कॉफी ओततो. बाहेर कपभर कॉफीला साडेचार फ्रँक पडतात. म्हणजे आजच्या भावानं तीनशे रुपयांच्या वर. दिवसात तीन कप लागतात. म्हणून थर्मास.

सकाळी ८:३०

सायकली स्टेशनाजवळ लावून आम्ही मार्क्टगासंमध्ये. गाड्यांना बंदी असलेला हा बाजाररस्ता. दुकानं अजून शटर वर करतायत. जूनचे पहिले दहा दिवस पावसातच गेलेत. फरशी ओली आहे.

कुठे उभं राहायचं, यावर तो पाच मिनिटं घालवतो. मधोमध नाही, लोक दोन्हीकडून निसटतात. बँकेच्या दारापाशी नाही, तिथे माणूस पैशांच्या विचारात असतो. आइस्क्रीमवाल्याजवळ चांगलं, पण आज थंडी. शेवटी चपलांच्या दुकानापासून चार पावलांवर, पन्हळीखाली. टेबल मांडत नाही. टेबल म्हटलं की परवानगी आणि अर्ज. हातात क्लिपबोर्ड घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे नुसता माणूस.

पहिला प्रश्न ठरलेला. "ग्रुएत्सी, तुम्हाला मताचा अधिकार आहे का?"

हा प्रश्न मला बोचतो. मीही ऐकलाय, अशाच क्लिपबोर्डवाल्यांकडून. इथे राहणाऱ्या दर चार माणसांत एक परका आहे, सही करू न शकणारा. मी त्यातली. पण त्याचं म्हणणं, हा प्रश्न आधी नाही विचारला तर तीन मिनिटं बोलून झाल्यावर कळतं, की समोरचा पोर्तुगालचा आहे. बिचाऱ्यालाही वाईट वाटतं.

सकाळी ९:१०

पहिली सही. चाळिशीची बाई, हातात पावाची पिशवी. तो कायदा एका दमात सांगतो. तुम्ही कोणाला, कधी, कुठून फोन केलात, हे सगळ्यांचं सहा महिने साठवून ठेवणं चालूच राहणार. त्यात भर म्हणून सरकारी वकिलांना संशयिताच्या फोनमध्ये हेरगिरीचा प्रोग्रॅम घालता येणार. आणि आसपासचे सगळे मोबाइल पकडणारं यंत्र वापरता येणार.

बाई पिशवी गुडघ्यांत धरते. लिहायला लागते. आडनाव, नाव, जन्मतारीख.

"तुम्ही विंटरथुरच्याच ना?"

"झॉयत्साख."

तो हळूच बोर्ड काढून घेतो आणि दुसरा देतो. एका कागदावर एकाच गावाच्या सह्या चालतात. झॉयत्साख इथून सायकलनं वीस मिनिटं, पण गाव वेगळं, कचेरी वेगळी, कागद वेगळा. बाईनं विंटरथुरच्या कागदावर अर्धवट लिहिलेली ओळ तो पेनानं आडवी खोडतो. पाचातली एक ओळ वाया. बाई पुन्हा पहिल्यापासून लिहिते. तिचं हसू थोडं कमी झालेलं असतं.

तेव्हा कळलं, चार क्लिपबोर्ड कशाला. एक विंटरथुर, एक झुरिक, एक झॉयत्साख, आणि एक 'बाकी सगळा देश'.

सकाळी १०:००

तासाभरात अकरा. वाईट नाही, तो म्हणतो.

नाही म्हणणाऱ्यांच्या तऱ्हा मी मोजत बसते. काही जण फोन कानाला लावतात, समोर कोणी नसताना. काही जण घड्याळ बघतात. एकाच्या मनगटावर घड्याळच नव्हतं.

"मी केलीय की सही," असं दर दहा मिनिटांनी कोणीतरी म्हणतं. तो विचारतो, कधी? हिवाळ्यात, थंडी होती. मग तो समजावतो. ती दुसरी. ती गुप्तवार्ता खात्याच्या कायद्याविरुद्धची, तिच्या सह्या भरल्या, २५ सप्टेंबरला त्यावर मतदान आहे. ही पोलीस आणि सरकारी वकिलांची. दोन पाळती, दोन कायदे, दोन कागद. इतकं ऐकेपर्यंत बस येते. 

मला वाटतं हे आंदोलन याच जागी हरलं. हे मी नंतर लिहितेय म्हणून सांगू शकते. ७ जुलै उजाडला तेव्हा आकडा भरला नव्हता. पायरेट पार्टीबरोबर डाव्या आणि उजव्या दोन्हीकडच्या पक्षांच्या तरुण शाखा होत्या, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या. तरी नाही. दुसऱ्या कायद्यावर सप्टेंबरात मतदान झालं आणि ६५ टक्क्यांहून जास्त लोकांनी त्याला हो म्हटलं. पण ११ जूनच्या सकाळी दहा वाजता यातलं काही माहीत नव्हतं. तेव्हा फक्त पायाला गार लागत होतं.

सकाळी १०:२०

एक गृहस्थ. पन्नाशीचे, चांगला कोट. कायद्याबद्दल त्यांना याच्याहून जास्त माहिती. फोनच्या नोंदींवरून माणसाचं अख्खं आयुष्य कसं उलगडतं, ते तेच आम्हाला सांगतात. ग्रीन पक्षाचे खासदार बाल्थासार ग्लेटली यांनी २०१४ साली स्वतःच्याच सहा महिन्यांच्या नोंदी मागवून नकाशावर मांडल्या होत्या. तोही दाखला देतात. दहा मिनिटं. हा मान डोलावतोय, बोर्ड पुढे केलेला.

गृहस्थ बोर्डाकडे बघतात. "जन्मतारीख? आणि पत्ता? रस्त्यावर?"

"कायद्यानं लागतं."

"माफ करा. अशी माहिती मी कोणालाच देत नाही."

आणि गेले. माणूस पटलेला होता. पटलेला होता म्हणूनच गेला.

हा थोडा वेळ काही बोलत नाही. मग भरलेला कागद बोर्डावरून काढतो, पालथा करतो, प्लास्टिकच्या खिशात घालतो आणि खिसा पाठीवरच्या सॅकमध्ये. सॅक तो खाली ठेवत नाही. सकाळपासून एकदाही नाही. प्रत्येक कागदावर पाच अनोळखी माणसांचे वाढदिवस आहेत. नवीन माणसाला तो नेहमी कोरा कागद देतो किंवा आधीच्या ओळींवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवतो, म्हणजे वरच्या शेजाऱ्याचं नाव दिसू नये. ही पट्टी त्यानं घरी धान्याच्या खोक्यातून कापली आहे. सह्यांच्या यादीचा फोटो काढून ठेव, असं त्याला एकदा कोणीतरी सुचवलं होतं, हरवली तर असावी म्हणून. तो म्हणाला, फोटो काढायचा तर मग भांडतोय कशाला.

सकाळी १०:५०

पन्नास पावलांवर दुसरा एक क्लिपबोर्डवाला. वेगळ्याच मागणीसाठी. हा धंदेवाईक. सहीमागे दोन फ्रँक मिळतात म्हणाला. पैसे घेऊन सह्या गोळा करायला इथे बंदी नाही. सही करणाऱ्याला पैसे देता येत नाहीत, एवढंच.

त्याची पद्धत बघण्यासारखी. तो 'अधिकार आहे का' विचारत नाही. पेन सरळ माणसाच्या हाताकडे करतो. हात आपोआप पुढे येतो. पेन हातात आलं की माणूस थांबतो. मागणी काय, ते लिहिता लिहिता ऐकतो, किंवा ऐकत नाही. आमच्या देखत वीस मिनिटांत नऊ. अठरा फ्रँक.

दोघं एकमेकांना ओळखतात. तो याला सिगारेट देऊ करतो, हा नको म्हणतो. "तू फार बोलतोस," तो याला सांगतो. "बोलणं फुकट आहे, पण वेळ फुकट नाही."

हा हसतो. परत येऊन पुढच्या माणसाशी तितकंच बोलतो.

सकाळी ११:३०

एक बाई लांबूनच चालत येतात, सरळ आमच्याकडे. सत्तरीच्या पुढच्या. पांढरे आखूड केस, हातात भाजीची चाकांची पिशवी. कोणी विचारायच्या आधीच म्हणतात, "कुठे लिहायचं?"

चष्मा बदलतात. सावकाश, शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहितात. शिक्षिका होत्या. लिहून झाल्यावर पेन परत देत नाहीत. बोलायचं असतं.

त्यांची 'फिश' होती. फिश म्हणजे कार्ड. १९८९ साली संसदीय चौकशीत उघडकीला आलं, की केंद्रीय पोलिसांनी सुमारे ९ लाख कार्डं जमवून ठेवली आहेत. माणसांची आणि संस्थांची. साठ-पासष्ट लाखांच्या देशात. डावे, परदेशी, शांततावादी, कोणीही. पुढच्या वर्षी ३ मार्चला बर्नमध्ये संसदेपुढे हजारोंचा मोर्चा निघाला. लोकांनी अर्ज करून आपापली कार्डं मागवली. बाईंनीही मागवलं.

"पाकीट आलं. ते उघडायला मी दोन दिवस घेतले," त्या म्हणतात. "आणि आत काय? मी एका व्याख्यानाला गेले होते. बाहेर लावलेल्या गाडीचा नंबर. बस. अर्ध्या ओळी काळ्या केलेल्या. कोणी सांगितलं, ते नाव त्या काळ्याखाली."

"राग आला?"

"राग नाही. गाडी माझी नव्हती. बहिणीची होती." त्या पेन देतात. "तिचंही कार्ड असणार. ती भाजीपाल्याशिवाय कशात नव्हती."

चार कोरे बोगन मागून घेतात. शेजारपाजाऱ्यांकडे फिरवणार. पिशवीत फ्लॉवरच्या गड्ड्याखाली ठेवतात, कागद दुमडू नयेत म्हणून सपाट.

दुपारी १२:१५

अडतीस.

चर्चच्या मागे एका बाकावर बसतो. घरचा पाव, चीज, एक सफरचंद. पाय लांब करतो तेव्हा बुटाचा तळ दिसतो, टाचेकडे बाहेरच्या अंगानं झिजलेला. सगळा भार तो एकाच पायावर टाकून उभा राहतो. पोटऱ्या दाबत हिशेब सांगतो. चांगल्या तासाला बारा. वाईट तासाला चार. आठ धरा. ५०,०००ला आठनं भागा. "सव्वासहा हजार तास. त्यात बाद होणाऱ्या वेगळ्या. पाच-सहा हजार जास्तीच्याच घ्यायला लागतात."

इंटरनेटवरून नाही का होत, मी विचारते. याच प्रश्नासाठी मी सकाळपासून थांबले होते.

नाही. कागद संगणकावरून छापून घेता येतो. पण सही पेनानं, स्वतःच्या हातानं. मग कागद टपालात. लोक छापतात, टेबलावर ठेवतात, त्यावर कॉफीचा कप ठेवतात आणि विसरतात. "नेटवर आपल्या बाजूचे खूप आहेत," तो म्हणतो. "प्रिंटर असलेले कमी आहेत."

मोठ्यानं हसते मी. तो हसत नाही.

दुपारी १:४०

झिमझिम. छत्रीचं काम सुरू. मी छत्री माणसावर नाही, कागदावर धरते. ओल्या कागदावर बॉलपेन घसरतं, नुसती खाच उमटते.

सुटलेल्या पोटाचे, टोपीवाले एक आजोबा. लोकोमोटिव्ह कारखान्यात फिटर होते. 'लोकी' म्हणतात त्याला गावात, आता कारखाना राहिलेला नाही. सही करता करता मला विचारतात, कुठली? मुंबईकडची म्हटल्यावर थबकतात. "बॉम्बे! तिकडे आमची इंजिनं गेलीत. डोंगर चढणारी. मी जन्मायच्या आधी."

गेली होती खरी. बोरघाट आणि कसारा घाटासाठी १९२८च्या सुमाराला आलेल्या त्या विजेच्या इंजिनांपैकी पहिली याच गावात बनली. दोन्हीकडून नाकाडं पुढे आलेली, मधे बसकी. आपल्याकडे त्यांना 'खेकडा' म्हणायचे. इथे त्याच जातीला 'मगर' म्हणतात. मी हे सांगितल्यावर आजोबा खेकड्याची चाल हातानं करून दाखवतात. याच्या बोर्डावर सही तशीच अर्धी राहते. तो नम्रपणे आठवण करून देतो. आजोबा उरलेलं आडनाव पूर्ण करतात.

दुपारी ३:००

पंचेचाळीस. आणि रस्ता ओस.

फ्रान्समध्ये लांसला स्वित्झर्लंड विरुद्ध अल्बेनिया सुरू झालंय. युरो फुटबॉल स्पर्धेतला स्वित्झर्लंडचा पहिला सामना. पाचव्याच मिनिटाला कोपऱ्यावरच्या बारमधून आरडाओरडा. शेअरनं डोक्यानं गोल मारला. "हॉप श्वीत्स!" आणि त्याच बारच्या दुसऱ्या टोकाला लाल झेंडे गुंडाळलेली पोरं डोक्याला हात लावून. कोसोवोहून आलेली अल्बेनियन घरं या भागात पुष्कळ. मैदानातही तेच. जाका भावांपैकी एक या बाजूनं, एक त्या.

तो बारच्या दाराशी उभा राहतो. आत जात नाही. सिगारेट प्यायला बाहेर येणाऱ्यांना गाठतो. लाल झेंडा खांद्यावर घेतलेला एक मुलगा, विशीतला.

"मताचा अधिकार आहे का?"

मुलगा वैतागतो. "का? मी इथला वाटत नाही?"

"सगळ्यांना विचारतो. हिला नाहीये," माझ्याकडे बोट.

मुलगा माझ्याकडे बघतो, मग बोर्डाकडे. दोन वर्षांपूर्वी पासपोर्ट मिळालाय त्याला. तो मिळवताना किती कागद भरले, ते सांगतो. शेजाऱ्यांची नावं, मालकाचं पत्र, बापाचा पगार. "आता अजून एक," म्हणतो आणि भरतो. घाईनं, पण अक्षर वाचण्यासारखं. आतून पुन्हा ओरडा होतो. अल्बेनियाच्या कप्तानाला लाल कार्ड. मुलगा सही करून शिव्या देत आत पळतो. पेन घेऊन.

दोन तासांत सहा. एक पेन गेलं.

संध्याकाळी ५:१५

१-० जिंकले. लोक बाहेर येतात, अंगात बीअर, तोंडावर लाल रंग. आता सगळे थांबतात. पण तो दारू प्यायलेल्याला बोर्ड देत नाही. "उद्या सकाळी आठवणार नाही, काय लिहून दिलं ते."

एक आई, दोन मुलांसकट. सगळं ऐकून घेते. मग शांतपणे म्हणते, माझा नवरा पोलिसात आहे. लहान मुलांचे फोटो विकणारे आता साध्या फोनवर बोलत नाहीत. सगळं कुलूपबंद चॅटवर. न्यायालयाची परवानगी घेऊनही आत जाता येत नसेल, तर त्यानं करायचं काय?

तो लगेच उत्तर देत नाही. परवानगी लागते, हे खरं, म्हणतो. यादीतल्या गंभीर गुन्ह्यांनाच, तेही खरं. पण फोन उघडायचा तर त्यातलं भोक बुजवायचं नाही, उघडं ठेवायचं. ते भोक सगळ्यांच्या फोनमध्ये असतं. तुमच्या मुलांच्याही. आणि सहा महिन्यांच्या नोंदी संशयितांच्याच नाहीत, सगळ्यांच्याच.

"मी सही करणार नाही," ती म्हणते.

"कळलं."

"तुमचं चुकतंय, असंही म्हणत नाही."

"तेही कळलं."

धाकट्याला त्याच्या पेनाशी खेळायचं असतं. ती पेन काढून घेते, परत देते. सहा मिनिटं गेली. गर्दी होती, तेवढ्यात तीन सह्या झाल्या असत्या. पलीकडे तो धंदेवाईक आमच्याकडे बघून मान हलवतो.

संध्याकाळी ७:००

दुकानं बंद. सकाळपासूनच्या चौऱ्याहत्तर. आवाज बसलाय. दिवसभरात खर्च: एक बाहेरची कॉफी माझ्या आग्रहानं, साडेचार फ्रँक, स्टेशनातल्या पैसे देऊन जायच्या स्वच्छतागृहाची नाणी, आणि एक पेन. मिळकत शून्य. पन्नास पावलांवरचा खिसे चाचपत निघून जातो. त्याचा आकडा मी विचारला नाही.

रात्री ८:२०

पुन्हा तेच टेबल. आता कागद भरलेले. खिडकीचा पडदा ओढलेला. रोज ओढतो का, ते नाही विचारलं.

पहिलं काम चाळणी. एका ओळीत नवऱ्यानं बायकोचंही नाव लिहून टाकलंय, सहीही त्यानंच ठोकलीय. दोन्ही अक्षरं एक. बाद. एका झुरिकच्या माणसानं विंटरथुरच्या कागदावर लिहिलंय, घाईत दोघांच्याही लक्षात आलं नाही. बाद. एक नाव मी डावीकडून, उजवीकडून, दिव्याखाली धरून वाचते. कारकुनाला माझ्याइतका वेळ नसणार. तेही बाद. तो पट्टी लावून तिन्ही ओळी सरळ खोडतो. नवरा-बायकोची ओळ खोडताना थोडा चुळबुळतो. "ती शेजारीच उभी होती," म्हणतो. "पेन तिच्याकडे द्यायला हवं होतं मी."

उरल्या एकाहत्तर. त्यांतल्या एकोणपन्नास विंटरथुरच्या. त्या तो सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी नगरपालिकेच्या कचेरीत स्वतः नेऊन देणार, जुन्या सुल्झर कारखान्याच्या आवारात नवी इमारत आहे तिथे. शिक्क्याला पैसे पडत नाहीत. बाकीच्या बावीस, नऊ गावांच्या. झॉयत्साख सहा. झुरिक पाच. इल्नाऊ-एफ्रेटिकोन तीन. एल्ग दोन, नेफ्टेनबाख दोन. मग फ्राउएनफेल्ड, टुर्बेन्थाल, आंडेल्फिंगेन, सगळीकडची एकेक. आणि एक पोस्कियावो.

पोस्कियावो म्हणजे थेट इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या पलीकडे. इटालियन बोलणारं खोरं. तिथली एक मुलगी मैत्रिणीकडे आली होती आणि संध्याकाळी साडेसहाला थांबली. 'बाकी देश'च्या बोर्डावर तिच्यासाठी नवा कागद निघाला. पहिल्या ओळीत ती. खालच्या चार ओळी कोऱ्या.

मी विचारते, एका सहीसाठी अख्खा कागद, तिथे जाणार, शिक्का होणार, परत येणार?

"हो."

रात्री ९:३०

पाकिटं. सगळं पक्षाच्या मध्यवर्ती पत्त्यावर जायचं, तिथून गावोगाव. पोस्कियावोचा कागद मात्र तो वेगळा काढतो. डोंगरापलीकडचं काम लांबतं, हा थेट त्या गावच्या कचेरीलाच पाठवावा, आत परतीचं पाकीट घालून. म्हणजे तिकिटं दोन.

खणातून तिकिटांची दोन पुस्तकं काढतो. ८५ राप्पनची बी-पोस्ट, तीनेक दिवसांत पोचते. एक फ्रँकची ए-पोस्ट, दुसऱ्या दिवशी. शंभर राप्पनचा एक फ्रँक. दोन्ही पुस्तकं तो थोडा वेळ तशीच हातात धरून ठेवतो.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो आणि ए-पोस्टचं तिकीट सोलून पाकिटावर चिकटवतो. आतल्या पाकिटालाही तेच.

"जिभेनं चाटायला लागत नाही आता," तो म्हणतो. "तेवढं बरंय. घसा पार गेलाय."